जे फाइलमध्ये, तेच मशीनवर

गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, पेंटर कोंडीरामचं डोकं दुखत नाही.

पत्र्याच्या छपरावर एक मोटर. घरघरतेय.

नवी इंजिनिअर दिव्या, तिच्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा.

फाटकाशी ट्रक. ड्रायव्हर डबा उघडून बसलेला.

तांबडा दिवा.

दिवा चाकणच्या कारखान्यात, रंगखात्याच्या दारावर लागला होता. दिव्या हिंजवडीच्या ऑफिसात बसून तो स्क्रीनवर बघत होती. रंगाच्या बंद खोलीत थिनरची वाफ किती साठली, हे दाखवणारं वेब ॲप्लिकेशन तिच्या कंपनीचं. वाफ मर्यादेत असली तर हिरवा, वाढली तर तांबडा. आज जेवणाच्या सुट्टीत तिने ते जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं. सुट्टी संपली, फवारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात तांबडा. आतली माणसं बाहेर येऊन उन्हात बसली.

नवी पद्धत तिनेच आणली होती. सर्व्हर हाताने मांडायचा नाही. काय काय हवं ते एका फाइलमध्ये लिहायचं, त्यावरून पॅकेज मॅनेजर हे सॉफ्टवेअर सर्व्हरचं अख्खं मशीन उभं करतं. लिहिलं ते येणार. न लिहिलेलं येणार नाही.

"म्हणजे आता चूक लपणार नाही," ती टीम लीड प्रज्वलला म्हणाली होती.

"कुणाची, तेही लपणार नाही," प्रज्वल म्हणाला होता.

फोन. रंगखात्याचे मॅनेजर, उद्धवराव. "मॅडम, दिवाळीपासून एक तक्रार नाही. आज तुम्ही हात लावलात आणि लाइन बंद. ट्रक खोळंबलाय. जुनं लावा परत."

तिने फाइल वाचली. पुन्हा वाचली. स्वतःच्या लॅपटॉपवर तेच मशीन नव्याने उभं केलं. तिथेही तांबडा.

प्रज्वल खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "दिव्या, आधी जुन्यावर परत जा. चूक मग शोध."

जुना सर्व्हर अजून चालूच होता. एक कमांड.

हिरवा.

"बघा, सांगत होतो," फोनवर उद्धवराव. मग लांबून, "कोंडीराम, मास्क लावा रे. चला आत." फोन कट.

चूक शोधायला तिने दोन्ही मशीनं शेजारी शेजारी लावली. प्रोग्राम तोच. सेन्सरचं मापही तेच. वेगळी होती फक्त वाफेची मर्यादा. तिच्या फाइलमध्ये मूळचा आकडा होता, कारखान्यानेच सुरुवातीला दिलेला. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी तो हाताने चौपट केला होता.

तिने रंगखात्यात फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"बोला मॅडम, कोंडीराम पेंटर बोलतोय. हिरवा झाला, निघालो आमी."

"आत जाऊ नका."

"आत्ता तुमीच हिरवा केला न्हवं?"

"केला. तरी जाऊ नका. कुणालाच जाऊ देऊ नका."

"दिव्या," मागून प्रज्वल हळू आवाजात म्हणाला, "ते त्यांचं त्यांना ठरवू दे."

पलीकडे फोन उद्धवरावांनी घेतला. "अहो, तो आकडा मीच वाढवून घेतला, तुमच्या आधीच्या इंजिनिअरकडून. दिवाळीनंतर अलार्म येताजाता वाजायला लागला. लाइन किती वेळा थांबवायची? सेन्सर बिघडला असेल. वाफ खेचायला पंखा आहे, तो बंद थोडाच आहे? ऐका."

त्यांनी फोन छपराकडे धरला. घरघर ऐकू आली. एकसारखी, व्यवस्थित.

प्रज्वलकडे न बघता दिव्याने ॲप्लिकेशन नव्या मशीनवर वळवलं आणि जुना सर्व्हर बंद करून टाकला.

"तांबडा," तिकडे कुणीतरी म्हणालं.

"मॅडम, उद्या तुमच्या साहेबांशीच बोलतो मी," उद्धवराव म्हणाले.

"बोला," दिव्या म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत पंख्याची मोटर दुरुस्त होऊन आली, तेव्हा जोडताना दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या; पंखा तेव्हापासून उलटा फिरत होता.