कोरडी हवा

सृष्टीनं थर्मासमधून आणखी एक धार प्रोसेसरवरच्या तांब्याच्या भांड्यात सोडली. पांढरी वाफ भसकन वर आली, टेबलावरून खाली उतरली आणि दाराच्या फटीतून बाहेर निघून गेली. तिकडं बघायला तिला फुरसत कुठं होती! थर्मासच्या तळाशी जेमतेम एका चाचणीपुरता अतिथंड द्रवरूप नायट्रोजन उरला होता, आणि पाच वाजता स्पर्धा बंद होणार होती.

कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड किती जास्त पळवता येतं, याची ही ऑनलाइन स्पर्धा. पळवावं तसं ते तापतं, म्हणून त्याला असं गोठवावं लागतं. चाचणी पुरी झाली तर गुण, मध्येच मशीन बसलं तर भोपळा. देशातून एकच जण तैवानच्या अंतिम फेरीला जाणार होता. ठाण्याचा शिवशंकर तिच्यापेक्षा किंचित पुढं होता, आणि हा पठ्ठ्या फोनच्या स्पीकरवर दुपारपासून रडगाणं गात होता.

“सृष्टी, वैतागलो गं. बोर्डावर थेंबच थेंब. इथली हवा म्हणजे नुसता घाम. आता याहून पुढे काही माझी गाडी जात नाही.”

“मग इकडं यायचं होतं चिकलठाण्याला,” सृष्टी हसली. “दोन वर्षं झाली, हवेत ओल म्हणून नाय. आमचा दुष्काळ बोर्डाला लई मानवतो बघ!”

थंडगार भांड्याभोवती दव धरतं आणि त्या दवानं बोर्ड जळतो. म्हणून आधी सगळ्या बोर्डाला व्हॅसलीन चोपडायचं, फटी रबराच्या लगद्यानं बुजवायच्या. अर्धा दिवस जातो त्यात. सृष्टीनं या वेळी त्याला सरळ फाटा दिला होता. इथं माणसाच्या घशाला कोरड, तिथं दव पडणार कुठून?

नायट्रोजन करमाडच्या कारभारीमामांनी दिलेला. गाई भरवायच्या वीर्याच्या कांड्या ते त्यात गार ठेवतात. “यंदा जनावरं समदी चारा छावणीत, मला बोलावतंय कोण? घेऊन जा,” म्हणाले होते. कार्ड मात्र असं फुकट आलं नव्हतं. घरच्या कळपात तिच्या नावानं वाढवलेल्या मेंढ्या होत्या, त्या विकून तिनं ते घेतलं. वडील, सोनाजी, चार शब्द बोलले आणि उरलेला कळप घेऊन पैठणकडं चारणीला निघून गेले. आई, बानाबाई, पाठ फिरवून चुलीकडं गेली. त्या दिवसापासून तिनं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. सृष्टीला ते फार लागलं होतं. तैवानचं तिकीट आईच्या हातात ठेवीन, मगच ताठ मानेनं बोलीन, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं होतं.

तिनं चाचणी सुरू केली. पडद्यावर डोंगर, आभाळ, दऱ्या सर्रकन पळू लागल्या. एक डोळा तापमानावर, एक हात थर्मासवर. निम्मी चाचणी पार पडली. तिचा वेग शिवशंकरच्या पुढं गेला होता. जीव नुसता टांगणीला लागला. आता अडखळू नको रे बाबा!

तेवढ्यात मानेवर गार झुळूक आली. क्षणभर बरं वाटलं तिला. मग खिडकीकडून घर्रघर्र ऐकू आली, ओल्या गवताचा वास आला, आणि तिनं झटकन मान वळवली. खिडकीतला कूलर! दोन उन्हाळे कोरडाठाक पडलेला कूलर चालू झाला होता.

“आई, बंद कर! आई गं, कूलर बंद कर!”

त्या घरघरीत बाहेर कुणाला काय ऐकू जाणार? आणि धार सोडून उठावं तर चाचणी तिथंच मोडणार. तिच्या डोळ्यांदेखत भांड्याभोवती पांढरा थर फुगला, त्याखाली बोर्डावर मोत्यांएवढे थेंब धरले. एक थेंब ओघळला. चट् असा आवाज झाला, पडदा काळा पडला आणि जळकट वास सुटला.

सृष्टी तीरासारखी बाहेर आली. तोंडाला येईल ते बोलणार होती ती. गॅलरीत बानाबाई कूलरच्या टाकीत हंडा रिता करत होती. पदर ओलाचिंब झालेला, धापा टाकत होती.

“काय केलंस हे, आई?”

“अगं, दाराखालून धूर निघत व्हता! मशीन पेटली म्हनलं. करंटवर पानी टाकू नये म्हनून कूलर लावला. टँकर आत्ताच येऊन गेला, समदं पानी वतलं त्यात.” तिनं घाबऱ्या घाबऱ्या खोलीत डोकावून बघितलं. “इझली का गं? तुझ्या मेंढ्या हायेत तिच्यात. जळू दिऊ व्हय?”

भिंतीशी सगळे हंडे रिकामे आडवे पडले होते. टाकीतलं पाणी दोन वर्षांच्या धुळीनं गढूळ झालं होतं. पुढचा टँकर आता आठवड्यानं. सृष्टीनं पुढं होऊन गॅलरीतल्या बटणावरून कूलर बंद केला आणि एकदम सगळं शांत झालं. आईचे ओठ कोरडे पडून तडकलेले तिला आत्ता दिसले. राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली तिला, भयंकर लाज वाटली.

“इझली, आई,” ती कशीबशी म्हणाली. “बरं केलंस.”

आतून फोनवर शिवशंकर ओरडत होता, “सृष्टी! तुझा स्कोअर मध्येच थांबला! काय झालं? कुणी घोळ घातला?”

तिनं आत जाऊन फोन उचलला. दारात बानाबाई उभी होती, जीव मुठीत धरून.

“कुणी नाही रे,” सृष्टी म्हणाली. “मीच दुष्काळाच्या भरवशावर बसले होते.”