मालक स्वतः राहतात

"पुन्हा एकदा सांगा बाबा," श्रुती म्हणाली. "हे घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"आणि तुमचं नाव?"

बाबा क्षणभर थांबले. "कमळाकर दत्ताराम साळवी."

"छान. अजिबात अडखळायचं नाही."

खांदेश्वरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून हेच चालले होते. महापालिकेचा करनिरीक्षक दुपारी येणार होता. निशांतने जेवणाच्या टेबलावर कागद मांडून ठेवले होते: सिडकोच्या सेवाशुल्काच्या जुन्या पावत्या, महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल, माजी सैनिकाचे ओळखपत्र. ओळखपत्रावरचा फोटो तरुणपणीचा होता आणि टोपीच्या सावलीत अर्धा चेहरा झाकला गेला होता.

बाबांनी बिल उचलून डोळ्यांजवळ धरले. "सर्वसाधारण कर, शिक्षण कर, वृक्ष कर. यातलं माफ काय होतं?"

"ते मलाही नीट कळलेलं नाही," निशांत म्हणाला. "एका खिडकीवर सांगतात सगळंच माफ, दुसऱ्या खिडकीवर म्हणतात काही रकमा भराव्याच लागतील. तिसरीकडे गेलो तर पहिल्या खिडकीवर पाठवलं."

"पण माफी घराला आहे, की माणसाला?"

निशांत गोंधळला. असा साधा प्रश्न कार्यालयात त्याने कोणालाच विचारला नव्हता. "माणसाला," तो विचार करून म्हणाला. "माजी सैनिक, आणि तो स्वतः त्या घरात राहणारा."

"म्हणून माणूस बघायला येतात."

"हो. आज त्याचं समाधान झालं नाही तर सवलत रद्द. मागचा कर काढतील, वर शास्ती लावतील. माझ्या नोकरीचं काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहे. घर विकावं लागेल."

"सांगितलंत तुम्ही."

"बाबा," श्रुती हळूच म्हणाली, "त्याला 'तू' म्हणा."

"हो, हो. तू." बाबांनी ओशाळून मान हलवली. थोड्या वेळाने ते उठले आणि स्वयंपाकघराकडे वळले. मग थांबून त्यांनी विचारले, "बाथरूम?" श्रुतीने उलट्या दिशेला बोट दाखवले.

निशांतने भिंतीवरचे कॅलेंडर सरळ केले. त्यामागे भिंतीचा एक चौकोन इतर भिंतीपेक्षा उजळ होता.

निरीक्षक आला तो अगदी तरुण निघाला. हितेश त्याचे नाव. हातात टॅब, खिशाला दोन पेने. त्याने बूट दाराबाहेर काढले.

"टेन्शन नका घेऊ आजोबा, नुसती पाहनी हाय," तो खुर्चीत बसत म्हणाला. "आमी बोनकोडे गावचे. आमच्याकडं टॅक्सचं बिल आलं तर लोक खूश होतात, घर कागदावर आलं म्हनतात. तुमी बिल्डिंगवाले बिल बघून बीपीची गोळी घेता."

श्रुती मोठ्याने हसली. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

"पूर्ण नाव?"

"कमळाकर दत्ताराम साळवी."

"सैन्यात कुठं होता?"

"सिग्नल्स. नायक म्हणून निवृत्त."

"कोनी भाडेकरू?"

"नाही. मी, मुलगा आणि सून."

हितेशने ओळखपत्र हातात घेतले, फोटो पाहिला, बाबांकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. निशांतने कराचे बिल त्याच्यापुढे सरकवले.

"आनि आजींचं नाव?"

हा प्रश्न अर्जात नव्हता. बाबांचे ओठ हलले, शब्द निघाला नाही. त्यांनी श्रुतीकडे पाहिले, मग खिडकीकडे.

"सकाळी माहीत होतं," ते म्हणाले.

हितेशचे बोट टॅबवर थबकले होते.

"सुचिता," निशांत म्हणाला. "आईचं नाव सुचिता. बाबांना आठवत नाही." एवढ्यावर थांबावे असे त्याला वाटत होते, पण त्याला थांबता येईना. "चहा घेतला तरी पुन्हा मागायचे… मागतात. श्रुतीला आईच्या नावाने हाक मारतात. एकदा मी ऑफिसातून आलो, तर मलाच विचारलं, आपण कोणाकडे आलात? मी म्हटलं, मी इथंच राहतो. तर म्हणाले, बरं झालं, घरात कोणीतरी पाहिजे."

तो गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. श्रुतीने डोळ्यांना पदर लावला. बाबा मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले.

हितेशने ओळखपत्र टेबलावर अलगद ठेवले. "माझ्या आजाचं शेवटी असंच झालं होतं," तो म्हणाला. "राहू द्या. नाव विसरले म्हनून घर थोडंच विसरनार." त्याने बाबांचा सोफ्यावर बसलेला फोटो काढला, त्यांचा अंगठा घेतला आणि 'मालक स्वतः राहतात' या ओळीसमोर खूण केली. जाताना तो वाकून बाबांच्या पाया पडला.

लिफ्टचे दार लागल्याचा आवाज आला. श्रुतीने दार बंद केले आणि ती दाराला टेकून उभी राहिली. निशांत गॅलरीतून आत आला. त्याचे डोळे अजून ओले होते.

बाबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पूर्ण मावळला होता. श्रुतीने पुढे केलेले पैशांचे पाकीट त्यांनी न उघडताच खिशात ठेवले, चपला पायात सरकवल्या आणि ते निशांतकडे वळले.

"साहेब, रागावणार नसाल तर एक विचारतो," ते म्हणाले. "तुमचे वडील गेले, तेव्हा त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं का?"