राखणदार

शहरात फोनची कंपनी एकच. तिच्यावर वचक ठेवायला सरकारने नेमलेल्या साहेबांना व्यंगचित्रकार गेली सात वर्षं एकाच रूपात काढायचा: कंपनीच्या दारात शेपूट हलवणारा, बोळक्या तोंडाचा कुत्रा.

चार दिवस त्याची लाइन बंद होती, पेपरला चित्र पाठवायची सोयच नव्हती. शेवटी ताजं चित्र काखोटीला मारून तो तणतणत कंपनीच्या मॅनेजरच्या खोलीत शिरला. आज याची चांगली जिरवायचीच!

आत पाऊल टाकलं तर काय! भिंतीवर त्याच्याच चित्रांची कात्रणं, सोनेरी चौकटीत, ओळीने लावलेली. खाली सोफ्यावर सरकारी साहेब चहात बिस्कीट बुडवत बसलेले.

"शेपूट मात्र हुबेहूब जमलीये हं!" साहेब खुशीत म्हणाले.

चित्रकाराने हातातली गुंडाळी हळूच पाठीमागे लपवली.

मॅनेजर लगबगीने उठला आणि त्याने हात पुढे केला.

"अहो, लपवताय काय? या खेपेला कात्रण नको, अस्सल चित्र हवं होतं, म्हणून तर तुमची लाइन तोडली. द्या इकडे, खिळा कधीचा ठोकून ठेवलाय."