विषय काय टाकू?

"विषय काय टाकू, काका?" मनिषानं संगणकावरून नजर न काढता विचारलं.

वजिराबादेतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात संगमेश्वर स्टुलावर बसले होते. बाहेर सायकल सामान लादून उभी होती. पाटी मागं बांधली की निघायचं, एवढंच उरलं होतं. पडद्यावर त्यांचा फोटो होता, वर ठळक अक्षरांत 'नांदेड ते इस्तंबूल, सायकलवर, विमानाविना', आणि त्याखाली 'विषय :'. पुढं कोरी जागा.

"विषयाशिवाय न्हाई जाता येत?"

"जाता येतंय की. पण लोक म्हणतेत, रिकामा माणूस हाय."

संगमेश्वरांना त्यात चुकीचं काही दिसलं नाही.

"पाणी वाचवा, झाडे लावा, रक्तदान, व्यसनमुक्ती," मनिषानं यादी वाचली. "समदे तयार हायत. नुसता फोटो बदलायचा."

"पाणी मागच्या महिन्यात करून बघितलं. देगलूरपर्यंत गेलो. लोक पाटी वाचायचे, अंगठा दाखवायचे अन् निघून जायचे. एका हॉटेलवाल्यानं तर हात जोडले. चहाचे पैसे घेतले न्हाईत अन् शेजारी बसलाबी न्हाई."

"मग तुम्हाला पायजे काय?"

"कुणीतरी बोलावं." संगमेश्वर खाली बघत म्हणाले. "चौतीस वर्षं स्टेशनवर गाड्या पुकारल्या मी. रोज हजारांशी बोललो. उलट कुणी बोललं न्हाई."

याचा फ्लेक्स कसा करायचा, ते मनिषाला सुचेना.

"मग विमानानं जावा की. लवकर पोचताल अन् तिथं बोलताल."

"एकदा गेलो बेंगळुरूला. शेजारचा कानात गाण्याची बोंडं घालून बसला. उतरेपर्यंत त्यानं डोळेबी उघडले न्हाईत."

"बरं, शुभेच्छुक सांगा. खाली त्यांच्या फोटोंचे आठ गोल हायत."

संगमेश्वरांनी बोटं मोजायला घेतली. अंगठ्यापासून सुरुवात केली आणि अंगठ्यावरच थांबले.

"मेव्हणा हाय उदगीरला. पण त्याला सांगितलेलं न्हाई. गोल काढून टाक."

मनिषानं एकेक गोल पुसला. आठवा पुसताना ती जरा थांबली. "काकूंच्या स्मरणार्थ, असं लिहू का?"

"तिला सायकल आवडायची न्हाई."

तेवढ्यात दोन कार्यकर्ते आत शिरले. साहेबांचा वाढदिवस उद्यावर आला होता आणि बॅनरवर साठ डोकी बसवायची होती. साठातला एकही मागच्या रांगेत बसायला तयार नव्हता. मनिषानं घाईघाईनं बटण दाबलं. संगमेश्वरांची पाटी जशी होती तशी बाहेर आली.

"विषय तुम्हीच लिहा आता, सावकाश," ती म्हणाली आणि तिनं काळा मार्कर त्यांच्या हातात दिला.

आयटीआय चौकात सिग्नल लाल होता. शेजारी रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाल्यानं बाहेर वाकून पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"काका, विषयाच्या म्होरं काहीच न्हाई."

"न्हाई."

"ल्ह्यायचं राहिलं का?"

"राहिलं."

"मग लिहा की. पेन देऊ?"

मार्कर वरच्या खिशात होता. संगमेश्वरांनी त्यावर हात ठेवला.

"पेनाचं सोडा. काय लिहावं, तेच कळंना."

"पोरींचं शिक्षण लिहा," मागच्या सीटवरून एक बाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर मेथीची पिशवी होती. "लई पोरी घरी बसून राहिल्यात."

"थांबा हो मावशी." रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. "असं कायबी लिहून कसं चालंल? आधी हे सांगा काका, तुम्ही निघालाव कशापायी?"

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजू लागले.

संगमेश्वर खाली उतरले आणि भर चौकात त्यांनी सायकल स्टँडवर लावली.