महिनाभर गप्प

बसा पावणं, एक गोष्ट सांगतो.

माझी लेक मुकी, नाशकात नोकरीला. लिहून पाठवते, मला वाचता येत नाही. लोकांनी मिळून बनवलेलं फुकटचं ॲप ते वाचून दाखवायचं. बंद पडलं, तशी ॲपच्या ग्रुपवर बोलूनच तक्रार टाकली.

तिथला ॲप दुरुस्त करणारा हुशार पोरगा म्हणाला, "लिहिता येत नाही तर कशाला कडमडलात?"

ग्रुप सांभाळणाऱ्या वैजूताईनं त्याला महिनाभर गप्प बसवलं. रुसला तर दुरुस्ती कोण करणार? म्हटलं, "ताई, सोडा त्याला."

"काका, तुम्ही माफ कराल, नियम नाही करणार. काम मात्र त्याचं घेईन."

पोरानं गुमान दुरुस्ती पाठवली. फोन बोलला, "बाबा, जेवलात?"

दोघांनी माझी लेक बोलती ठेवली. उद्या पोराचा महिना संपतोय. या खेपेला बोलून नको; 'परत ये', एवढं ग्रुपवर माझ्या नावानं लिहून द्या.