एकशेसत्तरचं कार्ड

गुरुजींनी 'सावधान' म्हटलं, अंतरपाट सरला, नवरीने हार उचलला आणि माझ्या कॅमेऱ्याचं शूटिंग बंद पडलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूचना आली, मेमरी कार्ड स्लो आहे म्हणे! कालच घेतलेलं, वर ठसठशीत एकशेसत्तर एमबीचा वेग छापलेला.

नवरीची आई दवाखान्यात होती. हा व्हिडिओ तिच्यासाठीच होता.

"हार पुन्हा घालायला लावू का?" मी विचारलं.

"लग्न आहे, नाटक नाही," म्हणत नवरीच्या वडिलांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी मी ते कार्ड दुकानदाराच्या काउंटरवर आपटलं.

"साहेब, एकशेसत्तर हा कार्डवरून वाचायचा वेग. कार्डवर लिहायचा, म्हणजे शूटिंग साठवायचा खात्रीचा वेग हा," म्हणत त्याने कोपऱ्यातला मुंगीएवढा दहा दाखवला.

"वा! म्हणजे यावर हार घालतानाचं काहीच नाही, हे त्या माउलीला झटकन कळेल."