मुंग्यांची हद्द

आमच्या गोंदियाच्या कारखान्यात सोलर पंपाचे कन्व्हर्टर बनतात. मोटर थरथरली की तिचा आवाज ऐकून, ती शांत होईल असा कंट्रोलरचा आकडा बसवायचा, हे काम अठरा वर्षं माझं होतं. मग इंजिनीअर दिव्या आली. तिच्या कॉम्प्युटरातल्या प्रोग्रामच्या मुंग्या म्हणे खऱ्या मुंग्यांसारख्या वाट काढत योग्य आकड्यापाशी पोचतात. मालक दिवसभर तिच्याच टेबलापाशी बसायला लागले. त्यांच्यासोबतचा माझा चहाही बंद झाला.

"काका, मुंग्याइले कोन्त्या आकड्यापर्यंत शोधू देऊ?" परवा तिनं विचारलं. मी सांगितलं.

आज चाचणी होती. मुंग्यांचा आकडा भरला, पण मोटर थरथरतच राहिली. मालक माझ्याकडे वळले. "धनीराम, तू पाह्य बरं."

मी ऐटीत पुढे गेलो. कान लावून आकडा वाढवत नेला. बेचाळीसवर मोटर शांत झाली.

"हारल्या, पोरी, तुह्या मुंग्या," मालक हसले.

दिव्या पडद्यावरच्या बेचाळीसकडे पाहत होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमीच त म्हनलं होतं, तीसच्या वर जाऊ देऊ नोको."